स्पेक्ट्रम ४८केवर पडत्या विटांचा गेम लिहालोय, ओळ भरली की मशीन झोपतंय. बेसिक सोडू का?

शाहूपुरी_४८के:

राम राम मंडळी. मामाच्या माळ्यावर डीबी स्पेक्ट्रम प्लस गावला, टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कॉम्प्युटर, डेसिबेलवाले सिंक्लेअरचं लायसन्स घेऊन आपल्याकडं विकायचे तो. आतला मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखालचा पातळ पडदा, बदलल्यावर कीबोर्ड चालू झाला आणि व्हिडिओ पण आता सरळ टीव्हीच्या पिवळ्या पिनवर येतोय. मशीन चालू आहे म्हटल्यावर त्यावर स्वतःचं काहीतरी पाहिजे म्हणून टेट्रिससारखा पडत्या विटांचा गेम लिहायला घेतला, जत्रेतनं आणलेला ९९९९ इन वन असायचा बघा हातात, तसला. सात तुकडे, १० रुंद २० उंच विहीर, डावीकडं उजवीकडं, फिरवणं, सगळं सिंक्लेअर बेसिकमध्ये, म्हणजे मशीनमध्येच असलेल्या सोप्या भाषेत, झालंय आणि खेळता पण येतंय.

अडचण अशी की ओळ भरली की वरच्या सगळ्या ओळी खाली आणायच्या म्हणून मी २०० खणांचा डबल फॉर लूप लावलाय, प्रत्येक खण अ‍ॅरेमध्ये कॉपी करायचा आणि रंग देऊन प्रिंट करायचा, त्यात पाच-सहा सेकंद जातात, तोवर खेळणारा चहा पिऊन येतोय. दुसरं म्हणजे तुकडा खाली येताना लुकलुकतो. तिसरं म्हणजे उभी दांडी येतच नाही, चार ओळी रचून बसलोय आणि नुसते साप, म्हणजे झेडसारखे वाकडे तुकडे, येतात, आणि मशीन बंद करून परत चालू केलं की पहिले तुकडे परत तेच आणि त्याच क्रमानं. मी शिरोलीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर आहे, त्याचा जी-कोड येतो, कॉलेजात सी झालंय, त्यापलीकडं काही नाही. आता बेसिक सोडून मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणारे आकडे, शिकावा का अजून बेसिकमध्येच जीव आहे? एम्युलेटरवर, म्हणजे पीसीवरच्या नकली स्पेक्ट्रमवर, स्पीड वाढवून खेळायचा सल्ला नको, खऱ्या मशीनवरच पाहिजे.

उद्यमनगर_८०८५:

लई भारी. पण भावा बेसिकमध्ये कशाला मरालाईस, सरळ असेम्ब्ली घे, मशीन कोडच पण आकड्यांऐवजी शब्दांत. डिप्लोमाला इंटेलच्या ८०८५ प्रोसेसरची किट बडवली असशीलच की, हेक्स कीपॅडवरनं एकेक बाइट भरायचा तसली. स्पेक्ट्रममधला प्रोसेसर झेड८० त्याच घरातला आहे, चिप बनवणारा फॅगिन इंटेल सोडून गेला, झिलॉग कंपनी काढली आणि १९७६ला हा आणला, इंटेलच्या ८०८०चा कोड जसाच्या तसा चालावा असा मुद्दाम केलेला. तिकडं मूव्ह, एमव्हीआय, एलएक्सआय लिहायचास ते इकडं सगळं एलडी, बाकी डोकं तेच. रिम आणि सिम या दोन सूचना तेवढ्या विसर, ८०८५मध्ये त्यांचे जे कोड आहेत त्यावर झेड८०मध्ये जंप आहेत.

आता मुद्द्याचं. स्पेक्ट्रमवर रंग ८ बाय ८ पिक्सेलच्या खणाला मिळतो, एका खणात दोनच रंग, म्हणून बाकीच्या गेममध्ये माणूस झाडापुढनं गेला की हिरवा होतोय. पण तुझी वीटच जर एक खण धरलीस तर ती सगळी कटकटच संपली. या मशीनला यापेक्षा सोयीचा गेम दुसरा नाही म्हणतो मी. रंगांची मेमरी २२५२८पासनं ७६८ बाइट, ३२ खण आडवे २४ उभे, म्हणजे कुठल्याही खणाचा पत्ता २२५२८ अधिक ३२ गुणिले ओळ अधिक कॉलम. तुझी विहीर वेगळ्या अ‍ॅरेमध्ये ठेवूच नको, स्क्रीनच अ‍ॅरे आहे. रिकामा खण म्हणजे शून्य, काळ्यावर काळं. भिंत आणि तळ रंगीत ठेव, मग धडकलं का नाही बघायला चार खणांत शून्य आहे का तेवढंच विचारायचं, डावी कड उजवी कड असलं वेगळं काही नाही. फक्त क्रम पाळ, आधी तुकडा पुसायचा, मग नवीन जागा तपासायची, मग रंगवायचा, नाहीतर तुकडा स्वतःलाच धडकतो.

फिरवण्यासाठी गणित करू नको, तक्ता ठेव. सात तुकडे, चार बाजू, प्रत्येकी चार खण, आणि प्रत्येक खणाचं कोपऱ्यापासनचं अंतर एका बाइटमध्ये मावतं कारण तीन ओळी खाली तीन कॉलम पुढं म्हटलं तरी ९९च होतात. ११२ बाइटमध्ये सगळे तुकडे.

आणि ओळ पुसणं, एलडीआयआर आहे की, मेमरीचा आख्खा तुकडा कॉपी करणारी एकच सूचना, एका बाइटला २१ टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके. २० ओळी गुणिले १० बाइट म्हणजे ४२०० आणि वरचा किरकोळ खर्च. टीव्हीच्या एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, ६९८८८ ठोके असतात आणि सेकंदाला फ्रेम ५०. तुझे पाच-सहा सेकंद आणि हे, बघ आता तूच.

बेसिकवाला_काका:

८०८५ साहेब, पोरगं पहिलाच गेम लिहालंय आणि तुम्ही त्याला डायरेक्ट एलडीआयआर. बेसिक हळू आहे हे मान्य, नुसता रिकामा फॉर-नेक्स्ट हजार वेळा फिरवायला चार-पाच सेकंद खातो, पण त्या २०० खणांच्या लूपमध्ये दोष बेसिकचा कमी आणि मांडणीचा जास्त आहे.

बाळा, तू खण कॉपी करालाईस, ओळ कॉपी कर. डिम जी डॉलर २० कॉमा १० करून जागा राखलीस की प्रत्येक ओळ ही एक १० अक्षरांची स्ट्रिंग झाली. मग जी डॉलर आयमध्ये जी डॉलर आय वजा १ टाकायचं आणि ती आख्खी ओळ एका प्रिंट अ‍ॅटमध्ये छापायची. २०० वेळा करायचं ते २० वेळा झालं. सगळ्यात वरच्या ओळीत रिकामी स्ट्रिंग टाकलीस तरी चालतंय, डिम केलेल्या स्ट्रिंगची लांबी ठरलेली असते, उरलेल्या जागी मशीन स्वतःच स्पेस भरतं. विटांसाठी यूडीजी, म्हणजे स्वतः काढलेली अक्षरं, वापर, २१ मिळतात, सात तुकड्यांना सात नक्षी दिल्यास तरी १४ शिल्लक. रंग जातो हे खरं, पण नक्षी नीट असली की काळ्यापांढऱ्यात पण भारी दिसतंय.

अजून एक, ढीग कुठवर आलाय ती ओळ एका व्हेरिएबलमध्ये ठेव. वर मोकळं आभाळ कॉपी करण्यात काय अर्थ आहे, बहुतेक वेळा सात-आठच ओळी हलवाव्या लागतात. आणि ओळ भरली का बघायला परत १० खण तपासू नको, प्रत्येक ओळीचा एक आकडा ठेव, तुकडा बसला की त्या त्या ओळीत वाढव, १० झाले की भरली. ओळी खाली सरकवशील तेव्हा हे आकडे पण सरकवायचे, नाहीतर अर्धी ओळ आपोआप गायब होते आणि मग भूत लागल्यासारखं वाटतंय.

आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीला काय आहे? मोठ्ठं टायटल, नियम, हायस्कोअर असणार. ते सगळं ९०००च्या पुढं हलव. गोटू आणि गोसब, म्हणजे दुसऱ्या ओळीवर उडी मारायचा हुकूम, आला की हे बेसिक पहिल्या ओळीपासनं शोधत जातं, म्हणून सतत लागणारे तुकडे वर पाहिजेत. व्हेरिएबलचं पण तसंच, जे जास्त लागतात ते आधी लेट करून ठेव. पॉझ वापरून तुकडा खाली आणत असशील तर ते पण काढ, कुठलीही की दाबली की पॉझ मध्येच तुटतो, मग भराभर की दाबणाऱ्याचा तुकडा पटापट खाली येतो आणि त्याला वाटतं गेम चिडलाय. पीक २३६७२ बघ, म्हणजे मेमरीतल्या त्या पत्त्यावरचा आकडा वाच, तिथं दर फ्रेमला एक वाढतो, २५५नंतर परत शून्य, तेवढं सांभाळ.

दांडी_कधी_येणार:

नाव बघूनच कळलं असेल मी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देणार 😀

आधी सोपं. चालू केल्यावर तेच तुकडे येतात कारण रॅन्डमाइज लिहिलेलं नाही. मशीन चालू झालं की बियाणं, म्हणजे ज्या आकड्यापासनं रॅन्डम आकडे निघतात तो, शून्य असतं, तिथनं पुढं सगळं ठरलेलं, ७५नं गुणायचं आणि ६५५३७नं भागून बाकी घ्यायची असलं गणित आहे आत. "सुरू करायला की दाबा" असं लिही आणि की दाबल्यावर नुसतं रॅन्डमाइज, ते फ्रेमचा आकडा उचलतं, माणूस कधी दाबेल त्यावर नशीब.

दांडीचं जरा वेगळं आहे. सातात एक म्हणजे दर सातव्याला दांडी असं नसतंय. अगदी सरळ रॅन्डम असला तरी सलग ३० तुकड्यांत एकही दांडी न येण्याची शक्यता १००त १ आहे, आणि एका डावात शेकड्यानं तुकडे पडतात म्हटल्यावर हे कधीतरी होणारच, आणि खेळणारा तेवढंच लक्षात ठेवणार. हातातल्या ब्रिक गेमवर आपण सगळ्यांनी ह्याच्यासाठीच शिव्या दिल्यात. म्हणून आताच्या अधिकृत टेट्रिसमध्ये पिशवी पद्धत असते, भिशीच्या चिठ्ठ्या काढतात तसं, सात चिठ्ठ्या, निघाली ती बाजूला, सगळ्या संपल्या की परत सातच्या सात आत. मग दोन दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त १२ तुकडे, आणि साप सलग चारच्या वर येऊ शकत नाहीत.

बेसिकमध्ये हे दोन ओळींचं काम आहे. बी डॉलरमध्ये १२३४५६७ ठेव, लांबीच्या आतला एक आकडा काढ, ते अक्षर उचल, डावीकडचा भाग आणि उजवीकडचा भाग जोडून परत बी डॉलरमध्ये टाक, लांबी शून्य झाली की परत १२३४५६७. सिंक्लेअरची स्ट्रिंग कापायची पद्धत यासाठी एक नंबर आहे, पहिलं किंवा शेवटचं अक्षर उचललं तरी एरर येत नाही, रिकामी स्ट्रिंग मिळते.

बाकी पिशवी सगळ्यांना आवडत नाही हे पण सांगतो. काहींना तो अन्यायच पाहिजे असतो. नुसते दोन साप आलटून पालटून येत राहिले तर १० रुंदीच्या विहिरीत कसंही खेळलं तरी शेवटी मरणारच हे गणितानं सिद्ध केलेलं आहे, १९९७चा पेपर आहे त्यावर. खऱ्या रॅन्डममध्ये तसा काळ कधीतरी येणारच, पिशवीत नाही. मला विचारशील तर पिशवी ठेव आणि मेन्यूत "कडक" म्हणून साधा रॅन्डम पण दे.

पेठेतला_पिक्सेल:

काका, काळ्यापांढऱ्यात नको ओ. स्पेक्ट्रमवर काळा सोडून रंग बरोबर सात आहेत आणि तुकडे पण सात, अजून काय पाहिजे.

८०८५ साहेबांची रंगाची आयडिया बेसिकमध्ये पण चालते, पोक करायचं, म्हणजे मेमरीत थेट आकडा टाकायचा. ब्राइट ६४, पेपर (मागचा रंग) गुणिले ८, अधिक इंक (पुढचा रंग). म्हणजे चकचकीत लाल विटेवर पांढरी कड पाहिजे तर ६४ अधिक १६ अधिक ७, ८७. आणि यात एक गंमत आहे जी मला फार आवडते. गेम सुरू व्हायच्या आधी विहिरीच्या सगळ्या २०० खणांत विटेची नक्षी एकदाच छापून ठेवायची, वर आणि डावीकडं कड, पण इंक काळी पेपर काळा, त्यामुळं दिसत काहीच नाही. पुढं खेळभर पिक्सेलला हात लावायचा नाही. रंगाचा एक बाइट बदलला की कड असलेली वीट उगवते, शून्य टाकला की गायब. चार पोक पुसायला चार काढायला, झालं. पांढऱ्या तुकड्याला फक्त इंक दुसरी दे, नाहीतर पांढऱ्यावर पांढरी कड.

लुकलुकायचं कारण म्हणजे तू पुसतोस आणि काढतोस त्याच्या मध्ये टीव्हीचा किरण तिथनं जातो. मशीन कोडमध्ये हॉल्टनंतर, म्हणजे पुढची फ्रेम सुरू होईपर्यंत थांबून, लगेच रंगवलं की प्रश्न मिटतो, इंटरप्ट म्हणजे फ्रेमच्या त्या इशाऱ्यानंतर स्क्रीनची पहिली रेघ यायला १४३३६ टी-स्टेट असतात, आठ बाइटला ते रग्गड. बेसिकला तेवढ्यात पूर्ण होत नाही, पण जुन्या नव्या जागेत जे खण सामाईक आहेत ते पुसूच नको, आडवी दांडी एक खण सरकली तर खरं म्हणजे दोनच खण बदलतात. नुसत्या त्यानं निम्मं लुकलुकणं जातंय.

आणि शेवटी गेम ओव्हर लिहू नका राव, मराठीत लिहा. ८ बाय ८मध्ये देवनागरी कोंबू नका मात्र, वेलांटी मात्रा शिरोरेघेच्या वर जाते आणि उकार खाली, सगळा चिखल होतोय. अक्षर दोन खण उंच करा, वरच्या खणात मात्रा आणि शिरोरेघ, खालच्यात अक्षराचं अंग. यूडीजी कमी पडली तर २३६०६ आणि २३६०७मध्ये स्वतःच्या फॉन्टचा पत्ता द्या, पत्ता खऱ्यापेक्षा २५६नं कमी लिहायचा असतो, मग ९६ अक्षरं हातात.

उद्यमनगर_८०८५:

पिक्सेलचं बरोबर आहे. आणि काका, चला मांडवली करू. गेम बेसिकमध्येच राहू दे, फक्त ओळ सरकवायचा तुकडा मशीन कोडमध्ये, पन्नासेक बाइट पण लागणार नाहीत. क्लिअर ६४९९९ करून बेसिकला तिथंच अडवलं की ६५०००पासनं, जिथं यूडीजी सुरू होतात त्याच्या आधीपर्यंत, म्हणजे ६५३६७पर्यंत, ३६८ बाइट आपले. डेटा स्टेटमेंटमध्ये आकडे, सुरुवातीला पोक, संपलं.

बेसिकवाला_काका:

मान्य. पण एक खड्डा दाखवतो, यात भलेभले पडलेत. मासिकांत सगळीकडं रॅन्डमाइज यूएसआर ६५००० असं छापलेलं असायचं, यूएसआर म्हणजे त्या पत्त्यावरचा मशीन कोड चालव, ते या गेममध्ये अजिबात लिहू नको. मशीन कोडमधनं परत येताना प्रोसेसरच्या बीसी रजिस्टरमध्ये, म्हणजे छोट्या कप्प्यात, जे उरलंय ते रॅन्डमाइजला मिळतं आणि तेच नवीन बियाणं होतं. शून्य असलं तर नशीब, फ्रेमवरनं घेतो. पण दर वेळी समजा ५च उरत असेल तर दर ओळ भरल्यावर पुढचे तुकडे परत त्याच क्रमानं येणार, आणि तू पिशवीच्या कोडमध्ये चूक शोधत बसणार. लेट एक्स बरोबर यूएसआर ६५००० असं लिही.

शाहूपुरी_४८के:

नाद खुळा मंडळी, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन रात्री बसलो. नक्षी आधी छापून रंग पोक करायची आयडिया, काकांची ओळींच्या आकड्यांची आयडिया आणि ८०८५ साहेबांचा एलडीआयआर असं सगळं एकत्र घातलं, आता ओळ भरल्यावर कधी गेली ते कळतच नाही, उलट एवढं पटकन होतंय की बघणाऱ्याला मजा येत नाही, म्हणून मुद्दाम ओळ दोनदा पांढरी चमकवून मग सरकवतो. पिशवी पण घातली. सामाईक खणांचं अजून केलेलं नाही, तक्त्यात डोकं चाललं नाही, रविवारी बघतो.

आता दोन प्रश्न. एक, इनकी, म्हणजे कुठली की दाबलीय ते सांगणारा बेसिकचा शब्द, वापरलं की की एकदा दाबली तरी तुकडा दोन-तीन खण जातो. दुसरा, नाव. आपल्याकडच्या गुळावरनं "ढेप" ठेवावं म्हणतोय, मार्केट यार्डात गाड्या उतरतात तशा वरनं ढेपा पडतायत असं. पोरांना वाटायला टेप फाइल, म्हणजे कॅसेटसारखी वाजवून लोड करायची फाइल, टाकली तर काही लफडं होतंय का?

पेठेतला_पिक्सेल:

गुळाची ढेप बादलीच्या आकाराची असतीय, चौकोनी कुठनं आणलीस 😂 पण नाव झकास. टायटलला पिवळा आणि लाल, ब्राइट बंद, गुळाचाच रंग येतोय.

दांडी_कधी_येणार:

इनकीचं सांगतो. ते कीबोर्ड डायरेक्ट वाचतं, की दाबून धरली की दर वेळी हो म्हणणार. मागच्या वेळी कुठली की होती ते लक्षात ठेव. नवीन असली तर लगेच हलव, तीच असली तर थोडं थांब आणि मग दर काही फ्रेमनं हलव. निन्टेन्डोच्या जुन्या घरगुती मशीनवर पहिला थांबा १६ फ्रेम आणि मग दर ६ फ्रेमला एक, ते ६० फ्रेमचं मशीन. आपल्याकडं ५०, मी १० आणि ३पासनं सुरुवात केली असती आणि हाताला लागेल तसं बदललं असतं. फिरवायच्या कीला मात्र रिपीट नको, एक दाब एक वळण. नाहीतर भिंगरी.

बेसिकवाला_काका:

कायद्याचं, मी वकील नाही पण एवढं वाचलेलं आहे. पाजितनोवनं १९८४ला मॉस्कोत टेट्रिस केलं तेव्हा त्याच्या एलेक्ट्रॉनिका ६० कॉम्प्युटरवर ग्राफिक्स नव्हतेच, कंस टाइप करून विटा काढल्या होत्या. आज ते नाव ट्रेडमार्क आहे आणि कंपनी ते जपते, म्हणून मूळ नाव किंवा त्याला यमक जुळेल असलं काही वापरू नको, "ढेप" उत्तम. तुकडे पडणे, ओळ भरणे, ओळ जाणे हे नियम झाले, नियमांवर कॉपीराइट नसतो. पण दिसण्यावर असू शकतो, २०१२ला न्यू जर्सीच्या कोर्टात मोबाइलच्या एका गेमविरुद्ध निकाल लागला तो त्यावरच, त्यात विहिरीचं १० बाय २० माप आणि तुकड्यांचं दिसणं हे पण आलं होतं. तो निकाल तिकडचा, आणि तू चार पोरांना फुकट देणार, पण देतोच आहेस तर वेगळं कर की. विहीर १२ रुंद कर, तुला काय, एलडीआयआरचा एक आकडा बदलायचा आणि काकाच्या मोजणीत १०च्या जागी १२. एखादा आठवा तुकडा घाल, तीन खणांचा कोपरा. तो अडचणीच्या वेळी आला की खेळणारा तुला दुवा देईल. पिशवीत आठवी चिठ्ठी विसरू नको.

शाहूपुरी_४८के:

१२ करतो. कोपरा पण घालतो, त्याला हिरवा देतो आणि हिरव्या सापाला ब्राइट काढून टाकतो म्हणजे वेगळा दिसेल. टेप फाइल आजच काढतो. शेवटचं एक, मोबाइलवरनं लोड करायला साधी ऑडिओ वायर चालते ना? एकदा आर टेप लोडिंग एरर आली.

उद्यमनगर_८०८५:

चालते, इअरच्या भोकात घाल, माइकच्या नाही. व्हॉल्यूम फुल, इक्वलायझर बंद, डॉल्बी फिल्बी असेल तर ते पण बंद. स्टीरिओ वायरनं आवाज कमी पडला तर मोनो जॅक बघ, लक्ष्मीपुरीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतोय. आणि मोबाइल फ्लाइट मोडवर टाक, मध्ये एक मेसेज टिंग झाला की परत पहिल्यापासनं. फाइल इथंच टाक, माझ्याकडं रबरी कीचा आहे, त्यावर चालवून बघतो.